सुई टोचली आन् दिवस मावळला

...न्हाय न्हाय, तो आवळा तिथंच! बाहेर कट्ट्यावर ठेवा. तुमी या, बसा, पंख्याखाली बसा, पण आवळा बाहेर. राग मानू नका हां, तुमास्नी सांगतो, कालपासनं मला बघायला येणारा एक माणूस मोकळ्या हातानं आला असंल तर शपथ! कुणी शेवग्याचा पाला आणतंय, कुणी जांभळाच्या बियांची पावडर, कुणी कारल्याचा रस... बाटलीत भरून, वर बूच लावून, जसा काय माझा नवसच बोललाय! आन् शेजारचं मारुतीराव मास्तर, चांगलं शिकलेलं माणूस, सकाळी येऊन म्हणतात कसं, "आण्णाप्पा, बीट खावा, गाजर खावा, लसूण ठेचून खावा, आतला गंज सगळा सुटतो बगा!" अहो मास्तर, जन्म गेला की शेजारात! आमी जैन माणसं जमिनीखालचं कंद खात न्हाय, हे तुमास्नी आज कळायचं हाय व्हय? तर मास्तर म्हटलं, "मग असं करा, आवळा खावा." फिरून आवळाच!

आन् हे सगळं कशापायी, तर आण्णाप्पाला आतनं गंज चढतोय म्हणं!

आता मला सांगा, निपाणीत गंजाबद्दल आण्णाप्पाला कुणी शिकवायचं? माझं लोखंडाचं दुकान. खिळं, पत्रा, पहार, विळं, कोयतं... मिसरूड फुटायच्या आदीपासनं मी गंज पुसतोय. पावसाळ्यात पत्र्याला कवा गंज धरतोय, कुठनं धरतोय, मी नुस्ता वास घेऊन सांगतो. आन् मला माझी पोरगी सांगती, "आप्पा, तुमाला आतनं गंज चढायलाय." माझी पोरगी, क्षमा. ती बेळगावात शिकती... शिकती म्हंजे कॉलेज संपलं, पुढचं संपलं, त्याच्या पुढचं पण संपलं, आता पीएचडी चाललीया. आन् विषय काय? इन्सुलिन आन् शरीरातला गंज! म्हंजे मी घरात साखर वाढवायची आन् तिनं बेळगावात त्याच्यावर डॉक्टर व्हायचं. पावण्यारावळ्यांत कुणी विचारलं, पोरगी काय करती, तर सांगू काय? "माझा अभ्यास करती" म्हणून सांगू?

तर क्षमा मला समजावून सांगायला बसली. म्हणती, "आप्पा, आपलं शरीर म्हंजे पेटती चूल हाय. चूल म्हटल्यावर ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या इकडंतिकडं पडल्या की आतलं भाजतंय, झिजतंय, ह्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. तुमच्या भाषेत गंज. पण ठिणग्या विझवायला शरीरानं आत राखणदार ठेवलेत." मी म्हटलो, नाव सांग. म्हणती, "ग्लुटाथायोन." मी म्हटलो, दुसऱ्याचं सांग. म्हणती, "सुपरऑक्साईड डिसम्युटेज." नाव ऐकूनच मला धाप लागली! अशी नावं असलेली माणसं राखण कवा करणार? त्यास्नी हाक मारस्तोवर घर जळून जाईल की!

"हसू नका आप्पा," म्हणती, "ह्या राखणदारांना कामाला उठवायला इन्सुलिनचा पण हात असतोय. रक्तातली साखर पेशीत घ्यायला दार उघडतंय ते इन्सुलिन, आन् राखणदारास्नी 'उठा, चला' म्हणतंय ते पण इन्सुलिन. तुमचं इन्सुलिन थकलंय. म्हणून साखर रक्तात हुंदडती, ठिणग्या वाढल्यात, आन् राखणदार झोपल्यात." मी म्हटलो, म्हंजे मुकादम न्हाय म्हणून गडी झोपल्यात, असं सरळ सांग की!

पण मी काय केलो, तुमास्नी सांगतो. मी लोखंडाचा माणूस. मला वाटलं, गंज हाय न्हवं? मग त्याच्यावर हात फिरवायचा! कशाला पायजे इन्सुलिनची सुई? सकाळी कारल्याचा रस, त्याच्यावर हळद, वाळलेली चालती आमच्यात, दुपारी शेवग्याच्या पाल्याची भाजी, दिवस मावळायच्या आत जांभळाची पावडर. महिनाभर मी आतनं रंग मारलो बगा. आन् महिन्यानं गेलतो बेळगावला, डॉक्टरांकडं. ते डॉक्टर कानडी. रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर केला, आन् माझ्याकडं असं बघितलं... जसं मी पासबुक चुकीचं दिलंय! "एन्री आण्णाप्पा, शुगर भाळ ऐतरी!" म्हंजे साखर लई हाय म्हणं. मी म्हटलो, "डॉक्टर, कारलं घेतोय की रोज." तर ते आपल्या त्या मराठीत म्हणतात, "कारलं घ्या, चांगलं हाय. कारलं कडू, तुमी पण कडू तोंड करा, पण इन्सुलिन पायजेच. राखणदारला पाला खायला घालून काय उपयोग? हुकूम देणारा पायजे." घ्या! ते पण राखणदारच म्हटले. पोरीनं आदीच फोन केलता, दुसरं काय.

घरी आलो तर जिनाप्पा बसलेला. जिनाप्पा म्हंजे माझा दोस्त, तंबाखूचा व्यापार आता पोरं बघतात आन् ह्यो लोकांची घरं बघत फिरतोय. मी इन्सुलिन म्हटल्याबरोबर ह्यानं कानावर हात ठेवला. "आण्णाप्पा! घेऊ नको रं! ते डुकराच्या पोटातनं काढतात!" झालं! आमची मंडळी, मालुबाई, स्वयंपाकघरातनं पळत बाहेर. "अगं बाई! डुकराच्या?" आन् मग त्या घरात इन्सुलिन येणार कसं? मालुबाई म्हणती, "आमच्यात पाणी गाळून पितात, आन् ह्यांच्या पोटात डुक्कर!" लावला क्षमाला फोन. क्षमा म्हणती, "आप्पा, ते जुनं झालं. आता तसलं काय न्हाय. आता जंतूंकडनं करून घेतात, मोठ्या टाकीत." मला बरं वाटलं. तर जिनाप्पा लगेच पुढं वाकला, "जंतू म्हंजे जीवच की! एक इंद्रियाचा असला म्हणून काय जीव न्हवं? टाकीभर जीव!" आता बोला! डुक्कर एक तरी होतं, आता तर टाकीभर! मालुबाई म्हटली, "जिनाप्पा भावजी, तुमी दही खातासा?" "खातो की." "त्यात काय असतंय?" तवा जिनाप्पा म्हटला, "चहा ठेवतीस का वैनी?" असा तो विषय संपला आन् सुई घरात आली.

आन् खरं सांगतो, बरं वाटायला लागलं. पाय जळजळायचं कमी झालं. दुकानात बसल्याबसल्या डोळा लागायचा, ते बंद झालं. क्षमा म्हणती, "उठले बगा राखणदार!" मी म्हटलो, उठू देत, पण पगार मागू नकोत म्हणावं.

पण एक भानगड होती. डॉक्टर म्हटलेलं, सुई घेतली की अर्ध्या तासानं जेवायचं, चुकवायचं न्हाय. आन् माझा नेम हाय दिवस मावळल्यावर न जेवायचा. पाणी पण न्हाय. आमच्या बस्तीत, म्हंजे जैन मंदिरात, मागं चातुर्मासाला महाराज आलते, तवा त्यांच्यापुढं हात जोडून घेतलेला नेम. आता तुमास्नी खरं सांगायला काय लाज? मी आयुष्यात एक गोष्ट धड पाळली न्हाय. पथ्य? न्हाय. सकाळचं फिरणं? कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत. गोड सोडलं म्हणून मंडळीला सांगितलो आन् दुकानाच्या गल्ल्यात पेढा ठेवलो. पण तो नेम... तेवढा एक मी मोडला नव्हता. लग्नं बघितली, मोठमोठ्या पंक्ती बघितल्या, ताटं पुढनं गेली, पण दिवस मावळला की आण्णाप्पाचं तोंड बंद. त्या एका गोष्टीवर मी ताठ मानेनं बस्तीत बसत होतो. तर डॉक्टरांनी दिवस मावळायच्या हिशेबानं सुई मागं ओढून दिली, कॅलेंडरवर सूर्यास्त बघायचा, त्याच्या आदी तासभर टोचायची, अर्ध्या तासानं जेवायचं. चाललं होतं बगा झकास.

आन् परवा आला जिनाप्पा!

परवा आभाळ भरलेलं. मालुबाई बस्तीत प्रवचनाला निघाली. जाताना म्हटली, "ताट झाकून ठेवलंय. सुई टोचली की जेवा. आभाळाकडं बघत बसू नका, घड्याळाकडं बगा." मी म्हटलो, व्हय गं, मी काय लहान हाय? ती गेली. मी सुई टोचलो. आन् दारात चप्पल वाजली. जिनाप्पा! जेवून, हात पुसून, ढेकर देऊन आलेला. बसला, पाय वर घेतलं, आन् म्हणतोय, "आण्णाप्पा, तुला काय वाटतंय, निपाणी तिकडं जाईल का इकडंच राहील?"

आता ह्यो महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा प्रश्न आमचा बाप बोलत गेला, आमी बोलतोय, पोरं पण बोलतील. तो काय त्या संध्याकाळी सुटणार होता? पण पावणा समोर बसलाय, त्याला सोडून ताटावर बसायचं कसं? मी म्हटलो, "चल जेवायला." तो म्हटला, "झालं रं माझं, तू जेव सावकाश." असं म्हटल्यावर उठायचं का न्हाय? न्हाय उठलो! का, तर तो म्हटला, बोर्ड कानडीत असला तर काय बिघडतंय, तुला वाचता येतंय की. मला येतंय, पण म्हणून मी गप बसू? पेटलो मी! मी बोलायलोय, तो बोलायलाय, मी मांडीवर थाप मारायलोय, तो भिंतीवर बोटानं नकाशा काढायलाय, येळ्ळूर हिकडं, कोल्हापूर तिकडं... आन् ढगामुळं उजेड कवा गेला ते कळलंच न्हाय. एकदम बस्तीतली आरतीची घंटा ऐकू आली. रस्त्यावरचा दिवा लागला. मी ताटाकडं बघितलो. झाकलेलं. आन् सुई पोटात!

"जिनाप्पा," मी म्हटलो, "दिवस मावळला रं."

जिनाप्पा काय म्हटला असंल? "अरेरे! मग आता उद्या जेव. नेम म्हंजे नेम." असं म्हणून त्यानं पुन्हा नकाशाला बोट लावलं.

आन् थोड्या वेळानं सुरू झालं बगा. आदी कपाळाला घाम. मग बोटं थरथरायला लागली. छातीत धडधड. आन् मग मला दोन जिनाप्पा दिसायला लागलं. एक सोसत न्हाय, दोन! दोघं मिळून सीमाप्रश्न सांगायलेत! मी म्हटलो, "जिनाप्पा... साखर उतरायलीया." तसा तो उठला ताडकन. मघाशी नेम म्हंजे नेम म्हणणारा माणूस, असा सुटला स्वयंपाकघराकडं! "साखर कुठं हाय? अरं साखर कुठं हाय?" डबं आपटायचा आवाज. मीठ सापडतंय, रवा सापडतोय, साखर न्हाय. कशी सापडंल? आमच्या मंडळीनं माझ्यापासनं ती लपवून ठेवलेली! आन् लपवून कुठं ठेवलीया, ते ह्या घरात मालुबाईशिवाय फकस्त एकाच माणसाला ठाऊक. मला! पापडाच्या डब्यात, तळाला. पण सांगू कसं? सांगितलं तर उद्या ती विचारणार, तुमास्नी कसं ठाऊक? मी तिथं मरायलोय आन् मला भ्या कसलं, तर पापडाच्या डब्याचं!

तेवढ्यात मालुबाई आली. ताट बघितलं, मला बघितलं, जिनाप्पाच्या हातातला रवा बघितला. सरळ गेली पापडाच्या डब्याकडं. उघडला. पापड वर काढलं... आन् तळाला साखर न्हाय. असणार कशी? मीच चोरून संपवली होती की! त्या तशा घाईत पण तिनं मान वळवून माझ्याकडं जे बघितलंय ना... साखरंपेक्षा जास्त शुद्धीवर आलो मी त्या नजरेनं!

"मास्तर! साखर!" अशी ओरडली की मारुतीराव मास्तर भिंतीवरनं वाटी घेऊनच आलं. इकडं तिनंच लावलेल्या फोनवर क्षमा किंचाळायलीया, "आई, आत्ताच्या आत्ता पाण्यात साखर घालून पाज! शुद्धीत हायत तवर पाज! मी कळवते डॉक्टरांना!" वाटी माझ्या तोंडापुढं. आन् मी काय केलो? दातावर दात! तुमी म्हणशीला ह्यो माणूस येडा हाय. ज्या माणसानं जन्मभर साखर चोरून खाल्ली, त्याला गल्ली जमून साखर पाजायलीया, आन् ह्यो तोंड उघडंना! पण माझ्या डोक्यात एकच. दिवस मावळलाय. एक तर गोष्ट पाळलीया मी, ती पण आज जाणार. मी मान हलवतोय, न्हाय, न्हाय, न्हाय.

मास्तर म्हणतात, "आण्णाप्पा, औषध समजा!" जिनाप्पा म्हणतोय, "पाप मला लागू दे रं, तोंड उघड! मी बसवलो तुला बोलत, माझी चूक हाय!" खरंच रडकुंडीला आलता तो. मी न्हाय म्हणतोय.

मग मालुबाई खाली बसली. माझ्या समोर, फरशीवर. वाटी माझ्या ओठाजवळ धरली. म्हटली, "अहो, तुमचा नेम मोडला तर महाराज दुसरा देतील. तुमीच मोडलासा तर मला दुसरं कोण देणार?"

तुमास्नी सांगतो... इतकी वर्षं झाली लग्नाला, ही बाई मला असं कवा बोललेली न्हवती. रोज बोलायची ते पथ्याचं, बिलाचं, दळणाचं. माझ्या डोळ्यात पाणी आलं. घाम का पाणी, जिनाप्पाला वाटलं घामच. तोंड उघडलो. प्यायलो. सगळी वाटी.

आन् काय ती साखर होती हो! उघड्यावर, बायकोच्या हातनं, चोरून न्हवं! मी म्हटलो, "अजून एक वाटी?" मालुबाई म्हटली, "आले शुद्धीवर." मग फोनवर क्षमानं सांगितलं म्हणून तिनं झाकलेल्या ताटातली भाकरी मोडून दुधात कुस्करली आन् ती पण भरवली. मोडलाच हाय नेम, तर आता पोट तरी भरू दे म्हटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं क्षमा बेळगावहून हजर. आल्याबरोबर बोटाला टोचून रक्त बघितलं, मग मला मिठी मारली, आन् मग भाषण! "आप्पा, साखर एकदम उतरली तरी ठिणग्या वाढतात, ठाऊक हाय? राखणदारांची पळापळ होती." मी म्हटलो, थांब. म्हंजे साखर चढली तर गंज? "व्हय." आन् उतरली तर? "तरी पण." मग गंज कवा चढत न्हाय? "नीट मधे ठेवली तर, आप्पा." आता बोला! जन्मभर मला एक गोष्ट मधे ठेवता आली न्हाय. बोलणं न्हाय, जेवण न्हाय, राग न्हाय, आन् आता साखर मधे ठेवायची! आतनं गंज चढतोय म्हणं... चढू दे, मी तरी काय करू?

डॉक्टरांनी फोनवरच सुई बदलली. आता अर्धा तास थांबायचं न्हाय. ताट पुढं, सुई टोचायची आन् लगेच घास. जिनाप्पा आला तर दार लावून. पण माझ्या मनाला चैन न्हाय. नेम मोडला न्हवं. म्हणून आमी सगळी वरात घेऊन गेलो बस्तीत, ह्या वर्षी चातुर्मासाला आलेल्या महाराजांकडं. मी पुढं, मालुबाई, क्षमा, मागं जिनाप्पा मान खाली घालून. मी सगळं सांगितलो, हात जोडलो, म्हटलो, "महाराज, प्रायश्चित्त द्या." मनात म्हटलो, उपवास देतील. दोन चार उपवास करू, मोकळं होऊ.

महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग क्षमाला विचारलं, "ह्यांना उपवास झेपंल का?" क्षमा म्हटली, "न्हाय महाराज. सुई चालू असताना उपवास धोक्याचा." महाराज म्हटले, "जीव जात असताना घेतलं, ते औषध. त्याचा खेद करू नका. नेम पुढं चालू ठेवा. पण मन खातंय म्हणता, तर उपवासाऐवजी रस सोडा, म्हंजे जिभेची एखादी आवड सोडा. तुमास्नी सगळ्यात जास्त काय आवडतं?"

आता मी भोळा माणूस. महाराजांपुढं खोटं बोलायचं न्हाय म्हणून मनापासनं सांगत गेलो, "पेढा, महाराज. श्रीखंड. गुळाची पोळी. शेंगाची पोळी. खीर, हुग्गी..." आन् मागनं मालुबाई काय म्हटली असंल? "महाराज, बेळगावचा कुंदा राहिला!"

महाराज हसले. म्हटले, "ठीक हाय. आजपासनं सगळ्या गोडाचा त्याग. जन्मभर."

आता बगा! डॉक्टरला जमलं न्हाय, पीएचडीला जमलं न्हाय, ह्या बाईला डबं लपवून जमलं न्हाय, ते एका वाक्यात झालं! चोरून खायची पण सोय न्हाय. मंडळीपासनं लपवता येतंय, नेमापासनं कसं लपवणार? मालुबाई तर बस्तीतनं घरापर्यंत हसत आली, साखरंचा डबा आता उघड्यावर ठेवलाय तिनं, फळीवर, माझ्या डोळ्यापुढं! मी हळूच महाराजांना विचारलेलं, म्हटलो, "महाराज, पण फिरून साखर उतरली तर?" तर म्हटले, "तवा ग्लुकोज घ्या. ते गोड न्हवं, औषध."

म्हणून ही बगा, पुडी खिशात. दिवसभर चाचपून बघतोय. बरा असलो की हात लावायचा न्हाय, घाम फुटला, हात थरथरलं, दोन दोन जिनाप्पा दिसायला लागलं, की मग चालतंय. असं झालंय बगा माझं, आता एक चमचा गोड खायचं म्हटलं तर आदी अर्धं मरावं लागतंय!